कालची रेघ

कालव्यावरच्या पुलापाशी सिग्नल लाल झाला म्हणून मी सायकलवरून एक पाय खाली टेकवला. शेजारी थांबलेल्या बाईनं माझ्याकडे वळून बघितलं, पुढे बघितलं, आणि पुन्हा वळून म्हणाली, "रिन्स्के ना तू? अगं, किती वाळलीस. बरी आहेस ना?" आधी मी ओळखलंच नाही तिला. मग ओळखलं, शाळेतली हिल्के. सहा-सात वर्षांनी दिसत होती. मी म्हटलं, छे गं, होते तशीच आहे. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, ती डावीकडे गेली, मी सरळ. झालं, एवढंच. पण समोरून वारा होता आणि वाऱ्याशी झगडत सायकल मारताना माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहते. मी रोज सकाळी आरशात बघते की. दात घासताना बघते, केस बांधताना बघते, रोज तीच बाई समोर असते, कालची. ही हिल्के कोण लागून गेली मला सांगणारी, असं चरफडत हॉस्पिटलच्या सायकलतळापर्यंत आले. कुलूप लावताना दिसलं की घड्याळाचा पट्टा मी शेवटच्या भोकात अडकवलाय आणि तरी घड्याळ मनगटावर गोल फिरतंय. हे कधीपासून, ते काही केल्या आठवेना.

मी रेघा मारते. माझ्या कामाला भारदस्त नाव आहे, पण कोणी विचारलं तर मी रेघा मारते असंच सांगत आलेय, आणि ते खोटं नाही. आमच्याकडे जिभेचे, घशाचे, मानेचे कॅन्सरवाले येतात, प्रोटॉन घ्यायला. प्रोटॉनच्या किरणाची खुबी अशी की तो ठरवलेल्या खोलीवर जाऊन थांबतो, पलीकडचं काही जाळत नाही. आणि धोकाही तोच. माणूस चार मिलिमीटर वाळला की किरण चार मिलिमीटर पुढे जाऊन थांबतो, आणि पुढे मज्जारज्जू असतो, नाहीतर लाळेची ग्रंथी असते. आणि हे लोक तर वाळतातच; गिळता येत नाही तर दुसरं काय होणार. म्हणून आम्ही रोज नवा प्लॅन करतो. सकाळी माणूस जाळीच्या मास्कखाली टेबलाला जखडून निजवायचा, स्कॅन काढायचा, कॉम्प्युटर आधीच्या रेघा, म्हणजे काय जाळायचं नि काय वाचवायचं त्याच्या कडा, उचलून आजच्या चित्रावर बसवतो, मी त्या दुरुस्त करते, शेजारचा टाइमेन डोसचे आकडे तपासतो, दोघांच्या सह्या, की किरण सुरू. वीस मिनिटं. पूर्वी प्लॅन एकदाच व्हायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मास्क सैल झाला की धावपळ उडायची: हा माणूस खात नाहीये, बोलवा डॉक्टरला, करा नवा मास्क. आता धावपळ नाही. माणूस झिजत जातो आणि प्लॅन मुकाट्यानं त्याच्या मागून जातो, पडद्यावर सगळं हिरवं. आधीच्या रेघा म्हणजे कुठल्या, पहिल्या दिवसाच्या की कालच्या, यावर आमची एकदा मीटिंग झाली होती. पहिल्या दिवसाच्या घेतल्या तर पाचव्या आठवड्यात खोडाखोड फार करावी लागायची, माणूस तो राहिलेलाच नसायचा. कालच्या घ्या, असं म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मला वाटतं त्या दिवशी मी टेबलावर हातसुद्धा आपटला होता.

साडेआठला डाइकेमा मास्तर. मास्तर मीच म्हणते त्यांना. चौतीस वर्षांपूर्वी त्यांनी मला गाडी शिकवली. दोनदा मी नापास झाले आणि तिसऱ्यांदा पास झाले ते परीक्षकाला सर्दी झाली होती म्हणून, असं ते गावभर सांगत. पहिल्या दिवशी मी त्यांना टेबलावर निजवत होते तेव्हा खालूनच म्हणाले, "सायकलवरच येतेस ना अजून? वाचली माणसं." जिभेच्या मुळाशी मोठी गाठ होती, आणि डाव्या कानाखाली, मानेच्या जाड स्नायूच्या मागे एक छोटी, वाटाण्याएवढी. डॉक्टर वेस्टराबाईंनी पस्तीस दिवस सांगितले तेव्हा मास्तरांनी खिशातली डायरी काढून पस्तीस चौकोन मोजले, शेवटच्यावर फुली मारली आणि म्हणाले, पस्तीस म्हणजे पस्तीस, छत्तिसाव्या दिवशी बोलावलंत तर मी येणार नाही. बाई हसल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांची बायको, एल्स्के, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावच्या हॉस्पिटलात वारली होती. तिला 'अजून दोन आठवडे, अजून दोन आठवडे' करत सहा महिने खितपत ठेवलं होतं. त्याबद्दल एवढंच बोलले होते ते, आणि पुन्हा कधी नाही. पाचव्या आठवड्यापर्यंत तोंड आतून सोलवटून निघालं, नाकातून नळी आली, आवाज गेला. मग रोज टेबलावरून उठताना बोटांनी दाखवायचे, किती उरले ते. दहा, नऊ, आठ. मला त्या बोटांची सवय झाली होती. खरं सांगायचं तर मी त्यांच्यासाठी थांबत असे.

हिल्के भेटली तो गुरुवार होता आणि मास्तरांचा एकोणतिसावा दिवस. त्यांनी सहा बोटं दाखवली, गेले. दुपारी टाइमेन पावावर चॉकलेटचे दाणे पसरून जेवायला बसला होता. तिशी उलटली तरी त्याचं जेवण काही शाळा सोडत नाही. मी कॉफीचा कप घेऊन पडद्यासमोर बसले होते, आणि मनगटावरचं घड्याळ उगीच फिरवता फिरवता माझ्या हातानं मास्तरांचा पहिल्या दिवसाचा स्कॅन उघडला. का, ते विचारू नका. तसं करायची गरज नसते, कोणी करत नाही. पहिला दिवस डावीकडे ठेवला, एकोणतिसावा उजवीकडे. आधी मला माणूसच दिसला. गळ्यापाशी भरलेला, हनुवटीखाली वळी असलेला, गाडीत शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवणारा माणूस. आणि उजवीकडे कोणीतरी म्हातारं. एकोणतीस सकाळी मी या माणसाची कड गिरवली होती आणि मला तो वाळलेला दिसला नव्हता. मग मला रेघ दिसली. त्या वाटाण्याएवढ्या गाठीची. गाठ दुसऱ्या आठवड्यातच विरघळली होती, सगळ्यांना बरं वाटलं होतं. पण गाठ दिसेनाशी झाली तरी तिची जागा शेवटच्या दिवसापर्यंत जाळायची असते. तिथे डोळ्याला न दिसणारं काहीतरी उरतं आणि वर्षाभरानं तेच डोकं वर काढतं. ते काम रेघेचं. आणि रेघ, धरायला गाठ उरली नाही म्हणून, रोज कणाकणानं आत सरकली होती. रोज केसाएवढी. कालच्यापेक्षा केसाएवढी, म्हणजे काहीच नाही. मी रोज कालच्याशी ताडून बघत होते आणि रोज ती बरोबर होती. पहिल्या दिवसाशी मोजली तेव्हा सहा मिलिमीटर. पंधरा-सोळा दिवस त्या जागेला किरण कमी कमी मिळत गेला होता आणि शेवटी ती जवळजवळ कोरडी राहिली होती. मी कप खाली ठेवला. टाइमेन म्हणाला, काय गं, काय झालं; मी म्हटलं, काही नाही, कॉफी कडू आहे.

तिथेच, त्या खुर्चीत, मला माझ्या नवऱ्याचा, योरिटचा, बावन्नावा वाढदिवस आठवला. बैठकीत गोल मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकाच्या हातात कॉफी आणि केकचा एकेक तुकडा, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आलेला प्रत्येकजण त्याचंही अभिनंदन करतोय, माझंही आणि माझ्या सासूचंही. त्याचा भाऊ वीब कॅनडातून तीन वर्षांनी आला होता. मी स्वयंपाकघरात दूध गरम करत होते, तिथे येऊन त्यानं माझं कोपर धरलं आणि हळू आवाजात विचारलं, योरिटला काय झालंय? मी म्हटलं, कुठे काय. तो म्हणाला, अगं अर्धा झालाय तो. मला इतका राग आला, इतका, की दूध उतू गेलं. रोज मी त्याच्या शेजारी निजते, रोज मी त्याला वाढते, आणि हा विमानातून उतरून मला सांगतोय. पाच महिन्यांनी योरिट गेला. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी मला सरळ प्रश्न विचारला होता: वजन कधीपासून उतरतंय? मी, मिलिमीटरवर पोट भरणारी बाई, मला सांगता आलं नाही. आमच्याकडे सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेलं कॅलेंडर संडासात टांगतात, त्यावर त्याचं नाव अजून आहे, नऊ ऑक्टोबरला. खोडायला हात होत नाही आणि रोज दिसतं म्हणून दिसतही नाही. रोज बघणाऱ्याला दिसत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आणि त्यानंतर दीड वर्षानं मी त्या मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, कालच्या रेघा घ्या.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत मी सांगू शकत होते. उठायचं, चार पावलं चालून टाइमेनच्या खुर्चीशी जायचं, एवढंच होतं. मी स्वतःशी म्हटलं, उद्याच्या स्कॅनवर एकदा नीट बघू, कदाचित मीच चुकत असेन. शुक्रवारी बघितलं. चुकत नव्हते. आमच्याकडे रेघ दोन मिलिमीटरच्या पुढे सरकवली की पडद्यावर पिवळा दिवा लागतो. मी ती जागच्या जागी नेली असती तर दिवा लागला असता, टाइमेननं मान वळवली असती, आणि सगळं तिथल्या तिथे बाहेर पडलं असतं. काचेपलीकडे मास्तर मास्कखाली पडून होते. स्कॅनच्या आधी कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला एक कागद दाखवला होता: मुलगी आलीय नॉर्वेहून, सोमवारी सकाळचं परतीचं विमान. तिनं त्यांचा कोट हातावर घेतला होता. मी मनात म्हटलं, दोन दिवस बापलेकीला सुखानं राहू देत. सोमवारी सांगू. एका दिवसानं असं काय होणार आहे. हे मी चांगुलपणानं म्हटलं की एकोणतीस सह्यांच्या लाजेनं, ते आता कितीही उकरलं तरी सापडत नाही; दोन्ही एकमेकांत मिसळून गेलंय. मी 'मान्य' दाबलं. सगळं हिरवं. तिसावा दिवसही त्या जागेवरून कोरडा गेला, आणि हा मात्र कॉम्प्युटरनं नाही, मी घालवला. उठताना त्यांनी एक पंजा दाखवला, पाच बोटं. मीही हसून पंजा दाखवला.

शनिवार-रविवार मी घरात होते. भाजी चिरली, तशीच ठेवून दिली. आरशात एकदा मुद्दाम कोणी परकी बाई असल्यासारखं स्वतःकडे बघितलं, आणि हिल्के खरं बोलत होती. सोमवारी सव्वासातला मी टाइमेनला सगळं दाखवलं. सगळं म्हणजे रेघ. कळलं कुठल्या वारी, ते नाही सांगितलं. तो म्हणाला, दुसरी सही माझीच आहे की, आणि त्यानं तिथल्या तिथे बाकीच्या सगळ्या पेशंटांचे पहिले दिवस उघडून बघायला घेतले. बाकी सगळे ठीक होते. डॉक्टर वेस्टराबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. सकाळभर हिशेब झाला आणि ठरलं: रेघ जागेवर आणून ठरलेले पाच दिवस पूर्ण करायचे आणि वर त्या एका पट्ट्यापुरते सहा दिवस जास्त द्यायचे. म्हणजे पस्तिसाच्या पुढे सहा. आमच्याकडे असं काही झाकून ठेवत नाहीत. तासाभरात बाईंनी मास्तरांना खोलीत बसवून सरळ सांगितलं, चूक आमची आहे म्हणून. मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते. दार उघडून बाई म्हणाल्या, ते तुला बोलावताहेत, आणि मला एकटीला आत जाऊ दिलं.

मास्तर खिडकीकडे पाठ करून बसले होते. मुलगी सकाळीच गेली होती. टेबलावर पाण्याचा पेला, रुमालांचा डबा, आणि डायरी, उघडी.

"सहा?" ते म्हणाले. आवाज कसला, घासलेला वारा नुसता.

"सहा. फक्त त्या पट्ट्यासाठी. जिभेला, घशाला आता जास्त लागणार नाही."

"नाही आलो तर?"

"कदाचित काहीच होणार नाही. कदाचित वर्षभरात तिथेच गाठ येईल. मग ऑपरेशन, आणि ते सोपं नसतं, मास्तर. मी तुम्हाला फसवत नाही."

"रेघ कोणी मारली?"

"मी. रोज मीच."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते, आणि हसताना दुखत होतं म्हणून गाल धरून हसत होते. "गाडीतही डावीकडेच सरकायचीस," ते म्हणाले. मग पाण्याचा घोट तोंडात धरून ठेवला, बऱ्याच वेळानं गिळला, खिशातून पेन काढलं आणि डायरीच्या पुढच्या पानावर चौकोन मोजायला लागले. एक, दोन, तीन. टोपण टेबलावर काढून ठेवलं होतं. ते येणार होते. पस्तीस म्हणजे पस्तीस म्हणणारा माणूस माझ्या चुकीसाठी सहा चौकोन शोधत होता. चौथ्या चौकोनावर पेन थांबलं, आणि मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुला कळलं कधी?"

सकाळी. एवढंच म्हणायचं होतं. आज सकाळी, मास्तर. बाईंनी 'लक्षात आलं' एवढंच सांगितलेलं होतं, टाइमेनला वार माहीत नव्हता, गुरुवार माझ्याशिवाय जगात कोणाला ठाऊक नव्हता. मी काही फार सच्ची बाई आहे अशातला भाग नाही. घरच्यांना वर्षानुवर्षं मी उत्तम आहे असं सांगत आलेय. पण समोर तो माणूस डोळे खाली घालून वाट बघत होता, उत्तराची, आणि माझ्या तोंडून दुसरं काही निघेचना.

"गुरुवारी."

"शुक्रवारी मास्क तूच लावलास."

"हो."

त्यांनी टोपण उचलून पेनाला लावलं. सावकाश, नीट, 'टक' आवाज होईपर्यंत. मग ते बोलले, आणि त्या सहा आठवड्यांत ते इतकं लांब कधी बोलले नव्हते. प्रत्येक शब्दाला तोंडात काय होत असेल ते मला माहीत होतं, मी त्या तोंडाच्या रेघा मारत होते. "एल्स्केचा रिपोर्ट ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आला. सगळ्यांना माहीत होतं तिथे. आम्हाला मंगळवारी सांगितलं. सण कशाला खराब करायचा म्हणून." पाणी. "चार दिवस आम्ही अंडी रंगवत बसलो, मूर्खासारखे." पुन्हा पाणी. "चुकीचं काही नाही गं. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून चुकाच बघितल्या मी. पण पोरगी माझ्या घरात होती. तिला सांगितलं असतं मी. ती राहिली असती."

मी म्हटलं, मास्तर, माझ्यावर हवं तेवढं रागवा, तक्रार करा, मी येत नाही तुमच्यासमोर, दुसरं कोणीतरी रेघा मारेल, पण सहा दिवस या. मी हात जोडले नाहीत एवढंच. त्यांनी डायरी मिटली आणि खिशात घातली.

"शुक्रवारपर्यंत येतो," ते म्हणाले. "कबूल केलं होतं तेवढं."

मी खोटं बोलले असते तर ते आले असते. हे मला माझं नाव माहीत आहे तितकं पक्कं माहीत आहे. आणि गुरुवारी खरं बोलले असते तरी आले असते. सोमवारी, नको त्या वेळी, मी खरं बोलले. बाईंनी त्यांना दोनदा फोन केला, एकदा पत्र पाठवलं. उत्तर आलं, अगदी सभ्यपणानं, आभार मानून, नाही म्हणून. मुलीचाही फोन आला बाईंना, ती रडत होती म्हणे. शुक्रवारी पस्तिसावा दिवस झाला. मास्क काढला, जाळीचे ठसे त्यांच्या कपाळावर उमटलेले होते, ते त्यांनी तळव्यानं पुसले, जसे काही पुसले जाणार होते. घरी नेता का मास्क, असं आम्ही सगळ्यांना विचारतो, त्यांनाही विचारलं. त्यांनी मान हलवली, नको. मग माझ्याशी हात मिळवला, टाइमेनशी मिळवला, सारखाच, ना जास्त वेळ ना कमी, आणि दारातून डावीकडे वळून निघून गेले. बोटं दाखवायला आता काही उरलं नव्हतं.

पुढच्या सोमवारपासूनची साडेआठची वेळ मी सहाही दिवस रिकामी ठेवून घेतली. त्यासाठी वरच्या मजल्यावर जाऊन भांडले, वेडी झालीस का असं दोघांनी तोंडावर विचारलं. मनाई कशाला, माणूस आहे, बदलतं मन, असं मी म्हणत राहिले. रोज आठ पंचविसाला मी टेबलावर चादर घालायचे, त्यांचा मास्क कपाटातून काढून जवळ ठेवायचे आणि दाराकडे तोंड करून उभी राहायचे. नऊला मास्क परत कपाटात. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. सहावा दिवस त्याच्या पुढच्या सोमवारी आला. पावणेनऊला टाइमेन दारात येऊन म्हणाला, नऊची बाई लवकर आलीय, बाहेर बसलीय, थंडी आहे, घ्यायची का आत? मी म्हटलं, पाच मिनिटं थांब. तो थांबला. मास्कशी चाळा न करता मी हात खिशात घालून उभी राहिले, कॉरिडॉरमध्ये कोणाचीतरी पावलं वाजली आणि पुढे निघून गेली. पाच मिनिटं झाली. मी टेबलावरून मास्क उचलला आणि म्हटलं, बोलाव.